परतणाऱ्या नटाच्या समोर कोण उभं आहे?

गाजलेलं जुनं नाटक पुन्हा येतंय आणि त्यात अमुक ज्येष्ठ नट कित्येक वर्षांनी रंगमंचावर पाऊल ठेवतोय, अशी जाहिरात आली की पहिल्या चार-पाच प्रयोगांचा प्लॅन, म्हणजे तिकीटविक्रीचा तक्ता, उघडल्या दिवशीच भरतो. यात आनंदच आहे. मराठी माणूस आपल्या नटावर जीव लावतो आणि त्या जिवाच्या जोरावरच एवढ्या अडचणींतून व्यावसायिक रंगभूमी तगून राहिली आहे. काळजी पुढची आहे. नाटक शोकांतिका असेल, तर वीस-पंचवीस प्रयोगांनंतर ते खिळखिळं होताना दिसतं. टाळ्या नटाला पडत राहतात, पण शेवटच्या अंकात प्रेक्षागृहात जी शांतता पसरायला हवी ती पसरत नाही.

दोष बहुतेक वेळा परतलेल्या नटाचा नसतो. निर्मितीचा सगळा हिशेब त्या एका माणसाभोवती मांडलेला असतो, ही खरी अडचण. शोकांतिकेत नायक कोसळतो तो कुणाच्या तरी देखत, कुणाच्या तरी शब्दाने, कुणाला तरी सोडून. समोरचा माणूस कच्चा असला की कोसळणं अधांतरी राहतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की जुनी शोकांतिका पुन्हा करायला घेताना नायक ठरल्यावर पोस्टरच्या आधी त्याच्या समोरचा संच ठरवावा, तालमीचे जास्तीत जास्त दिवस त्या संचाला द्यावेत आणि नायकाची भूमिका पेलणारा दुसरा नट पहिल्या वाचनापासून तालमीत बसवावा. या तीन गोष्टी होणार नसतील, तर पुनरुज्जीवनाच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण 'नटसम्राट'चं. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक धी गोवा हिंदु असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली 23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात रंगमंचावर आणलं. गणपतराव बेलवलकर झाले होते डॉ. श्रीराम लागू. त्यांचा जन्म 1927 चा, म्हणजे त्या दिवशी ते 43 वर्षांचे होते. निवृत्त झालेला, शरीराने थकलेला म्हातारा नट उभा केला तो ऐन उमेदीतल्या माणसाने. ही तारीख आपण अभिमानाने सांगतो, पण तिचा अर्थ फारसा लक्षात घेत नाही. ही भूमिका म्हाताऱ्याची असली तरी ती लिहिली गेली आहे धडधाकट छातीच्या नटासाठी. लांबलचक, अलंकारिक, लाटेवर लाट यावी तशी वाक्यं, मध्ये हुंदका, मध्ये हसू आणि शेवटी एकामागून एक भूमिकांच्या नावांचा तो पुकारा. एवढं झाल्यावर प्राण सोडायचा, तोही शेवटच्या रांगेला दिसेल असा.

वयाने बेलवलकरांच्या जवळ पोहोचलेला नट या भूमिकेसाठी नैसर्गिकच योग्य, हे गृहीतक त्यामुळे अर्धंच खरं आहे. वय चेहऱ्यावर आणतं ते खरं असतं. छातीतून मात्र वय काढून घेतं. परतणाऱ्या नटाला घेताना हे दोन्ही तोलून पाहायचं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे 1970 च्या त्या संचात बेलवलकरांची बायको कावेरी होत्या शांता जोग. नवरा तिला 'सरकार' म्हणतो आणि त्या एका हाकेत चाळीस वर्षांचा संसार उभा राहतो. ही हाक ऐकून घेणारी नटी तेवढ्याच ताकदीची नसेल, तर पुढे कावेरी गेल्यावर अप्पासाहेबांचं, म्हणजे बेलवलकरांचं, एकटेपण निव्वळ संवादातून सांगावं लागतं. 1972 मध्ये वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'त नानासाहेब भानू लागूंनी केले, तेव्हा समोर त्यांची बायको बयो होत्या त्याच शांता जोग. त्या नाटकाचं तर नावच समोरच्या माणसावरून आहे. लागूंच्या या दोन भूमिकांबद्दल आजवर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या चौथ्या हिश्शानेही शांताबाईंबद्दल लिहिलं गेलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुनरुज्जीवनं एकखांबी होतात त्याचं मूळ या विसरण्यात आहे.

पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही गणपतराव केले. नाटक जगलं ते या हस्तांतरामुळे. 2018 मध्ये ऋषिकेश जोशींनी ते पुन्हा बसवलं, तेव्हा मोहन जोशींच्या समोर कावेरीसाठी रोहिणी हट्टंगडी होत्या. ही निवड मला महत्त्वाची वाटते. 2019 मध्ये 'हिमालयाची सावली' पुन्हा आलं ते कर्करोगावर उपचार घेऊन परतलेल्या शरद पोंक्षे यांना घेऊन. आजारातून उठलेल्या नटाने नानासाहेबांसारखी भूमिका निवडणं हे धैर्याचं काम होतं. तिथेही नाटक बयोच्या खांद्यावर आहे, हे संहितेनेच बजावून ठेवलं आहे.

आता कामाच्या गोष्टींकडे वळू.

मालिका-चित्रपटांत दहा-पंधरा वर्षं काढून नट परततो, तेव्हा तीन सवयी बरोबर आणतो. आवाज तीन फुटांपर्यंत पोहोचेल एवढाच काढायचा, कारण माइक अंगावर असतो. पाठांतर दोन पानांचं, कारण शॉट तेवढाच असतो. आणि वाक्य संपलं की ऊर्जाही संपवायची, कारण पुढचं काम कट करतो. रंगमंचावर या तिन्ही सवयी घातक. बालगंधर्व रंगमंदिरात जवळजवळ हजार खुर्च्या आहेत आणि बाल्कनीत बसलेल्यानेही तिकीट काढलेलं असतं. 'कॉलर माइक लावू' हे उत्तर लगेच मिळतं. त्या माइकने शब्द ऐकू येतात, पण आवाज कुठल्या माणसाकडून, कुठल्या दिशेने येतोय ते कळेनासं होतं, कारण सगळे जण एकाच स्पीकरमधून बोलतात. कुजबूज आणि आक्रोश यांतलं अंतरही ध्वनी सांभाळणारा बटणावर कमी करून टाकतो. छातीला हात लावला, शाल ओढली की खरखर होते ती वेगळीच. रंगमंचाच्या कडेला ठेवलेले आणि वरून टांगलेले माइक पुरेसे असतात, नटाने आवाज कमावला असेल तर.

तो कमवायला वेळ लागतो. हालचाली बसवायला सुरुवात करण्याआधी निदान सहा आठवडे रोज मोठ्याने वाचन हवं, तेही पूर्ण नाटकाचं. फक्त स्वगतांचं वाचन केलं तर दम स्वगतापुरताच तयार होतो, आणि खरी कसोटी असते ती पावणेदोन तास बोलून झाल्यावर येणाऱ्या स्वगताची. प्रत्येक लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा संहितेवर पेन्सिलने कराव्यात आणि त्या दिग्दर्शकानेही पाळाव्यात. अनेकदा होतं काय, की दिग्दर्शक ऐन श्वासाच्या जागी नटाला उठून चालायला सांगतो. पन्नाशीत ते निभतं. सत्तरीत वाक्याचं शेपूट गळतं आणि मराठीत क्रियापद असतं शेपटाकडेच, त्यामुळे प्रेक्षकाच्या हातून अर्थच निसटतो.

पाठांतराचंही तसंच. वय झालेल्या नटाला बसून पाठ करणं जड जातं, पण हालचालीशी जोडलेलं वाक्य पक्कं राहतं. म्हणून त्याच्या हालचाली लवकर ठरवाव्यात आणि मग त्या बदलू नयेत. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी खुर्ची दोन फूट सरकवली की तिथली चार वाक्यं जातात, हे तालमीत बसणाऱ्या कुणालाही माहीत आहे. विंगेतून विसरलेलं वाक्य सुचवणारा प्रॉम्प्टर हवाच, आणि तो पहिल्या दिवसापासूनचा हवा. ऐन वेळी विंगेत उभा केलेला नवखा मुलगा नटाने जाणूनबुजून घेतलेल्या पॉजमध्ये वाक्य फेकतो. नट ते ऐकतो, पहिल्या दोन रांगाही ऐकतात आणि तो क्षण गेला तो गेलाच. कानात यंत्र बसवून आतून वाक्यं सांगण्याचा मार्ग मला पसंत नाही. कानात एक आवाज चालू असताना समोरच्याचं बोलणं ऐकता येत नाही, आणि ऐकणं थांबलं की अभिनय थांबतो.

शरीराचा विचार नेपथ्यकाराने करायचा असतो. नायकाला जमिनीवर बसवून उठवायचं असेल, तर तिथे बारा-चौदा इंच उंचीची पायरी, कट्टा किंवा पेटी द्यावी. बसल्यासारखं दिसतं आणि उठताना गुडघ्याला धरून उठावं लागत नाही. पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी विंगेकडून दिसेल अशी चिकटवावी, कारण अंधार झाल्यावर उजेडाला सरावलेल्या वयस्क डोळ्यांना सावरायला वेळ लागतो. शेवटच्या कोसळण्याचा सराव रोज सारखाच व्हावा: आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा. त्या वेळी हाताशी असलेला सहनट कोण, हेही पक्कं असावं.

तारखांची बाब यापेक्षा नाजूक आहे. शनिवार-रविवारी चार प्रयोग, मध्ये ठाण्याहून पुण्याचा प्रवास, सोमवारी शूटिंग, हे वेळापत्रक विनोदी नाटकाचा नायकही कुरकुरत निभावतो. बेलवलकर किंवा 'एकच प्याला'तला दारूपायी उद्ध्वस्त होणारा सुधाकर करणाऱ्याला एका दिवशी दोन प्रयोग लावणं म्हणजे दुपारच्या प्रेक्षकाला राखून ठेवलेलं नाटक देणं. नट मुद्दाम कसर करत नाही, शरीरच रात्रीसाठी ताकद वाचवतं. आठवड्याला तीन प्रयोग, दिवसाला एक, आणि बाहेरगावचा दौरा असेल तर पोहोचल्या दिवशी प्रयोग नाही, एवढं करारात लिहून घ्यावं. निर्मात्याला हे परवडत नसेल, तर त्याने नाटक निवडतानाच तसा विचार करावा.

संपादनात सगळ्यात जास्त नुकसान होतं. तीन अंकी नाटकं दोन मध्यंतरांसह साडेतीन तास चालायची. आज नाट्यगृहाची वेळ, शेवटची लोकल आणि प्रेक्षकाची सवय पाहता पावणेतीन तासांच्या आत, एका मध्यंतरात ती बसवावी लागतात. म्हणजे तीस-चाळीस मिनिटं काढायची. ती काढताना हात पहिला जातो दुय्यम पात्रांवर, कारण तिकीट त्यांच्या नावावर विकलेलं नाही. 'नटसम्राट'मध्ये हे केलं की काय होतं बघा. शिरवाडकरांनी मुलगा नंदा, सून शारदा, मुलगी नलू यांना राक्षस केलेलं नाही. नातीच्या तोंडी आजोबांची भाषा येऊ लागल्यावर बिथरणारी शारदा आजच्या कुठल्याही घरात सापडेल, आणि तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मुलीच्या घरी पैशांवरून आलेला चोरीचा संशय हा घाव आहे, कारण तो लाडक्या लेकीने केलेला आहे. तिचं लाडकेपण ज्या छोट्या-छोट्या प्रवेशांतून उभं राहतं तेच कापले, तर उरते फक्त दुष्ट मुलं आणि गरीब बिचारे आईबाप. मग ते नाटक मेलोड्रामा होतं. लोक रडतात, घरी जाऊन मुलांना दोष देतात आणि स्वतःच्या हाताने सगळं वाटून टाकणाऱ्या अप्पासाहेबांच्या अहंकाराबद्दल कुणी बोलत नाही. शोकांतिकेचा गाभा होता तो तिथे.

कापायचं असेल तर उशिरा येणाऱ्या प्रेक्षकासाठी केलेली माहितीची पुनरावृत्ती कापा, पात्र येण्याआधी त्याची वर्दी देणारी वाक्यं कापा, अंकाच्या सुरुवातीची नोकराची झाडलोट कापा. स्वगतंही थोडी कापा, हे मी जबाबदारीने म्हणतो. पाठ असलेलं स्वगत प्रेक्षक मनातल्या मनात बरोबर म्हणत असतो आणि त्याचं ऐकणं बंद झालेलं असतं. मात्र हे सगळं लेखकाच्या वारसांच्या लेखी परवानगीनेच व्हायला हवं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. शिरवाडकर 1999 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांवरचा हक्क 2059 अखेरपर्यंत आहे. राम गणेश गडकरी 1919 मध्येच गेले, त्यामुळे 'एकच प्याला' सगळ्यांसाठी मोकळं आहे, आणि म्हणूनच त्याला हात लावताना जास्त जपायला हवं, कारण तिथे अडवणारं कुणी उरलेलं नाही.

तुफानाला घर मागणारं ते प्रसिद्ध स्वगत नट पुढे मधोमध येऊन, वरून एक झोत घेऊन म्हणतो, तेव्हा ती एकपात्री स्पर्धा होते. त्यावर उपाय साधा आहे. ऐकणारं माणूस रंगमंचावर ठेवा आणि त्याला काम द्या. फुटपाथवरचा बूटपॉलिशवाला राजा आपला ब्रश, डबी आवरतोय, म्हाताऱ्याचं बोलणं त्याला अर्धवट कळतंय, कळेना झालं की हात थांबतोय. नट मग हजार लोकांना उद्देशून बोलत नाही, एका पोराला सांगतो, आणि आवाजाची पट्टी आपोआप खाली येते. छातीवरचा ताणही कमी होतो, हा फायदा वेगळा. या पोराची भूमिका करणाऱ्याला नायकाबरोबर निदान पंधरा तालमी मिळायला हव्यात. प्रत्यक्षात ज्येष्ठ नटाच्या तारखा शेवटच्या दहा दिवसांत मिळतात आणि तोवर संच सहायक दिग्दर्शकाने म्हटलेल्या वाक्यांवर प्रतिक्रिया देण्याचा सराव करत असतो. मग शुभारंभाच्या प्रयोगाला सगळे त्या मोठ्या नटाकडे कौतुकाने बघत उभे असतात. मुलगा बापाकडे तसा बघत नसतो.

एन्ट्रीच्या टाळीबद्दलही बोलायला हवं. परतलेल्या नटाला ती मिळणारच आणि मिळावी. 'नटसम्राट'ला ती पचते, कारण नाटक उघडतंच सत्काराने. प्रेक्षकांची टाळी ही सत्काराचीच टाळी होऊन जाते. हॅम्लेट किंवा सुधाकराला ती सोय नाही. तिथे नायकाला आधीच रंगमंचावर पाठमोरा ठेवून पडदा उघडावा, किंवा त्याचं पहिलं महत्त्वाचं वाक्य टाळी ओसरेल इतकं पुढे न्यावं. टाळी थांबेपर्यंत हात जोडून उभं राहिलं की पात्र पुन्हा अंगात यायला दहा मिनिटं जातात.

विलायतेत या प्रश्नाचा विचार जास्त रोखठोक होतो. ग्लेंडा जॅक्सन ब्रिटिश संसदेत 23 वर्षं काढून 2016 मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये परतल्या त्या थेट किंग लिअर म्हणून, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. इयन मॅकेलन यांनी 2017 मध्ये लिअर पुन्हा करायला घेतला तो चिचेस्टरच्या मिनर्व्हा या जेमतेम तीनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात. सगळ्या नटांत मोठं नाव असलेल्या माणसाने लहान जागा पत्करली, आणि त्यामुळे त्याला ओरडावं लागलं नाही. जून 2024 मध्ये लंडनमध्ये शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ करताना तेच मॅकेलन रंगमंचावरून खाली पडले. ते त्या नाटकात पुन्हा उभे राहू शकले नाहीत, पण नाटक बंद पडलं नाही. डेव्हिड सेमार्क हा पर्यायी नट तयार होता, उरलेले प्रयोग आणि दौरा त्याने केला.

आपल्याकडे अशा वेळी 'प्रयोग रद्द, पैसे परत' असा बोर्ड लागतो आणि बॅकस्टेजवाल्यांची त्या दिवसाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, बुडते. रिप्लेसमेंट आपल्याला नवी नाही, पण ती मूळ नट सोडून गेल्यावर आठ दिवसांत घाईने बसवलेली असते.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, की नाव नसेल तर तिकीट विकत नाही, मग सगळा पैसा नावावरच लावावा लागतो. नावाने तिकीट विकतं हे मला मान्य आहे. पण नाव पहिल्या दहा प्रयोगांचं तिकीट विकतं. अकराव्यापासून तिकीट विकतो तो पाहून गेलेला माणूस. बाकीच्या आठ जणांच्या नाइटची बेरीज नायकाच्या एका नाइटएवढीही होत नसेल, तर चांगला नंदा, चांगली नलू त्या संचात टिकणार नाही. मालिका मिळाली की जाईल, आणि पाहून गेलेल्या माणसाने सांगितलेलं नाटक पुढच्याला दिसणारच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुनी नाटकं शनिवार-रविवारच्या तारखा अडवतात आणि नव्या लेखकाला मंगळवारची दुपार मिळते. ही तक्रार खरी आहे. यावर सुनील बर्वे यांनी आपल्या 'सुबक' या संस्थेच्या 'हर्बेरियम' उपक्रमात रीत घालून दिली होती: जुनं नाटक घ्यायचं, नेमके 25 प्रयोग करायचे आणि थांबायचं. 'हमीदाबाईची कोठी' तिथे पुन्हा पाहता आलं. परतणाऱ्या ज्येष्ठ नटासाठी तर ही मर्यादा वरदान आहे, कारण पंचवीस प्रयोगांचा दम आखता येतो, अमर्याद दौऱ्याचा नाही. मी पन्नासपर्यंत जाईन, त्यापलीकडे नाही.

आणि त्या पन्नासांतले पाच प्रयोग पर्यायी नटाच्या नावाने, आधीपासून जाहीर करून लावावेत. आठवड्याच्या मधल्या वारी, निम्म्या तिकिटात, नाट्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांना पुढच्या रांगा देऊन. समोरचा संच तोच. ज्येष्ठ नटाने त्यातला एखादा प्रयोग स्वतः प्रेक्षकांत बसून पाहावा. सरकार व्यावसायिक नाटकाला अनुदान देतंच. जुन्या नाटकाला ते देताना पर्यायी नटाचं नाव, पूर्ण संचासह झालेल्या तालमींची नोंद आणि हालचाली, प्रकाश, संगीत यांच्या खुणांसह पक्की केलेली प्रॉम्प्टरची संहिता, ही तीन कागदपत्रं मागावीत. ती संहिता नाट्य परिषदेकडे जमा व्हावी, म्हणजे वीस वर्षांनी कुणी हे नाटक पुन्हा काढलं तर त्याला छापील पुस्तकापासून सुरुवात करावी लागणार नाही.